राजुलकाकूंची छापील उत्तरं

राजुलकाकूंच्या छापखान्यात उद्गारचिन्हं पाच होती. हे मला माहीत नव्हतं, म्हणून माझ्या पहिल्याच पत्रकात मी अकरा वापरली होती.

पत्रक केनवडच्या बाजाराबद्दल होतं. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं पायी येतात, डोक्यावर ओझं, काखेत पोर, आणि अख्ख्या बाजारात प्यायच्या पाण्याचा एक रांजण नाही. मी बावीस वर्षांचा होतो. दर दुसऱ्या ओळीला ‘धिक्कार’ आणि दर तिसऱ्या ओळीला ‘शरम’ लिहिलं होतं. काकूंनी कागद घेतला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि शेवटपर्यंत वाचला. मग बोटानं मोजायला लागल्या.

“हे दंडुके किती हायेत रे?”

“कोणते दंडुके?”

“हे. खाली टिंब असलेले.”

“असतील दहा-बारा. का?”

“माह्याजवळ पाच हायेत. त्यातला एक मोडका. म्हंजे चार जागी बोंबलता येईल तुले. कुठं कुठं बोंबलायचं ते तू ठरव.”

मी म्हटलं, अहो, हा लोकांच्या तहानेचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, “म्हनून तर सांगतो. पूर्णविराम लय हायेत. पाह्यजे तेवढे घे.”

मी पायरीवर बसून खाडाखोड केली. गंमत अशी झाली, की सात ठिकाणी त्या दंडुक्याची गरजच नव्हती. ‘इथे प्यायला पाणी नाही.’ एवढंच वाक्य पूर्णविरामानं संपवलं तर ते जास्त रागावलेलं दिसत होतं. ते पत्रक लोकांनी वाचलं. रांजण बसला. महिन्याभरात फुटला, तो भाग वेगळा.

मला पत्रकं लिहायला कोणी शिकवलं असं कोणी विचारलं तर मी पुढाऱ्यांची नावं सांगतो. ते खोटं आहे.

*

छापखाना म्हणजे काय, तर वाशीमच्या बाजारगल्लीत बाबूलालकाकांचं कापडदुकान आणि त्याच्या मागची एक लांबट खोली. काकूंच्या सासऱ्यांनी तो लावला होता. त्यांचा कंपोजिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारा, एक दिवस अकोल्याच्या मोठ्या छापखान्यात निघून गेला. दुसरा मिळेना. लग्नसराई तोंडावर आलेली. तेव्हा सासऱ्यांनी नव्या सुनेला खिळ्यांच्या पेट्यांसमोर उभं केलं. सून अमरावतीला कॉलेजात एक वर्ष शिकून, तिथली परीक्षा पास होऊन आलेली होती. जैन घरात तेव्हा एवढं शिकलेली सून म्हणजे मिरवायची वस्तू. म्हातारबुवांनी तिला कामाला लावलं. मला विचाराल तर त्या घरातलं ते सर्वांत पुढारलेलं पाऊल, आणि ते नाइलाजानं पडलं होतं.

मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांना तिथं उभं राहून वीसेक वर्षं झाली होती. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, पदर कमरेला घट्ट खोचलेला, उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट शिशानं कायमचं काळं. डाव्या हातात लोखंडी स्टिक, म्हणजे जिच्यात एकेक अक्षराचा खिळा रचून ओळ तयार करतात ती पट्टी. उजवा हात पेटीवर. पेटीत शेकडो घरं. क वेगळा, काना वेगळा, मात्रा वेगळी, रफार वेगळा. तिकडे न पाहता बोटं बरोबर घरात जायची. अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी रचलेली, आणि त्या ती ओळ आपण वर्तमानपत्र वाचावं तशी वाचायच्या.

एक सवय मात्र मला फार दिवस कळली नव्हती. समोर कोणी बोलत असलं, की त्यांची उजव्या हाताची दोन बोटं हवेत हलायची. बोलणाऱ्याचं बोलणं त्या जुळवत असायच्या. एकदा एक उमेदवार प्रचारपत्रक छापायला आला आणि अर्धा तास आपली महती सांगत राहिला. दहाव्या मिनिटाला काकूंची बोटं थांबली. तो गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, “पुढं काय म्हननार ते समजलं ना मले. मंग कायले जुळवू?”

सूर्य मावळायच्या आत जेवण, हा त्यांचा नेम. म्हणून सूर्य मावळायच्या आत दुकानही बंद. मोर्चा उद्यावर आलेला असो, नाहीतर कोणाचं लग्न. “मोर्चा सकाळी हाये ना? मंग सकाळी ये.” आणि सकाळी पत्रकं तयार असायची.

विजेचं सांगायलाच हवं, कारण प्रगतीच्या जाहिराती वाचून मला अजून संताप येतो. पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्राला काकांनी मोठ्या हौसेनं मोटर बसवली होती. वीज असायची तेव्हा मोटर चालायची. वीज असायची कधी, ते कोणीच सांगू शकत नसे. काकूंनी यंत्राचा पट्टा असा बसवून घेतला होता, की वीज गेल्यावर एका हातानं पट्टा उतरवायचा आणि पाय खालच्या पॅडलवर ठेवायचा. एक कागदही वाया जात नसे. एकदा नागपूरकडचा कोणी विक्रेता नव्या यंत्राचं चित्र घेऊन आला. तासाला किती कागद निघतात ते सांगितलं. काकूंनी एकच विचारलं, “लाइन गेल्यावर हे कायवर चालते?”

“लाइन येईपर्यंत थांबायचं, बाई.”

“मंग मशीन मालक झाली अन् मी नौकर.”

विक्रेत्यानं चित्राची घडी केली.

*

आता शिक्षणाची गोष्ट.

एका प्राध्यापकांची पुस्तिका छापायला आली होती, आमच्या भागातल्या जुन्या कापूस-व्यापाराबद्दल. प्राध्यापक कुठले, ते लिहीत नाही. माणूस एरवी बरा होता. चौथ्या पानावर लिहिलं होतं की दुष्काळ पडला आणि मग आगगाडी आली. अकराव्या पानावर आगगाडी आधी आली होती आणि दुष्काळ मागून. काकूंनी अकराव्या पानावरची ती ओळ न जुळवता तेवढी जागा मोकळी ठेवली, आणि प्रूफासोबत चिठ्ठी पाठवली: दोन्हीपैकी कोणतं खरं ते कळवावं.

प्राध्यापक स्वतः आले. हसतच आले. मी तिथंच उभा होतो.

“वहिनी, तुम्ही खिळे पाहा. मजकूर पाहायला आम्ही आहोत.”

काकूंची बोटं हलली नाहीत. ओळ त्यांनी जुळवली. पुस्तिका चुकीसकट छापून गेली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हणाल्या, “सुधाकर, बी. ए. कराले कायकाय लागते रे?”

मी तेव्हापासून त्यांना विचारत आलो: काकू, बी. ए. कायले? त्या प्राध्यापकाला दाखवून द्यायला? त्यांनी मला कधी एक उत्तर दिलं नाही. काकांना सांगितलं, “दुपारी टाइम जात नाई.” शेजारणीला सांगितलं, “पोरीचं लगन झालं, आता माहं शिक्शन.” मला सांगितलं, “तू मोर्चे कायले काढतं? मी इचारलं का कधी?” काका गल्ल्यावरून म्हणायचे, “अवं, बी. ए. होऊन काय तहसीलदार होतं का व?” तर काकू, “झाली तं तुमच्याच दुकानाले नोटीस काढतो पह्यली.” काका खूश व्हायचे. काकू अशा बोलल्या की त्यांना बरं वाटायचं.

दूरच्या एका विद्यापीठाचा पत्रानं शिकवणारा विभाग होता. फॉर्म मीच आणून दिला. कागदावर सगळं छान होतं: घरी बसून शिका, पाठ डाकेनं येतील, त्यावरची उत्तरं डाकेनं पाठवा, परीक्षेला तेवढं केंद्रावर या. ज्यांनी ही योजना आखली त्यांच्या घरी डाक वेळेवर येत असावी. काकूंना सातवा पाठ आधी आला, तिसरा त्याच्या मागून, आणि पहिला आला तेव्हा दुसऱ्याची उत्तरं पाठवायची मुदत संपली होती. पाठ सायक्लोस्टाइल केलेले, शाई इतकी पुसट की अर्धं पान नुसतंच जांभळं. मी म्हटलं, तक्रार करू. त्या म्हणाल्या, “थांब. वाचू तं दे.”

त्यांनी वाचण्यासाठी काय केलं असेल? तो पाठ जुळवायला घेतला. जे अक्षर दिसत होतं ते खिळ्यात बसवलं. जिथं दिसत नव्हतं तिथं वाक्य काय मागतं ते पाहून बसवलं. एक पान छापलं आणि मग निवांत वाचलं. आमच्या भागातले आणखी तिघे तोच अभ्यासक्रम करत होते, त्यात रिसोडचे एक शाळामास्तर. त्यांनाही एकेक प्रत पाठवली. मास्तरांनी उलट टपाली लिहिलं: विद्यापीठाने पाठ सुधारलेले दिसतात.

मग खिळे पुन्हा घरात टाकायचे, कारण खिळे मोजके. दुपारभर उभं केलेलं ते अर्थशास्त्र संध्याकाळच्या आत मोडायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यांतून पोहरादेवीच्या यात्रेचं पत्रक काढायचं. मी विचारलं, मोडताना वाईट नाही वाटत? “मोडतानाच तं पाठ होते,” त्या म्हणाल्या. “एकेक खिळा घरात टाकताना ते उलटं पुन्हा वाचाच लागते.”

*

एकदा दुपारी गेलो तर काकू पेटीसमोर उभ्या. हात झरझर चाललेला. पण समोर नेहमी असतो तो कागद नव्हता. कंपोजिटर समोरचा मजकूर पाहून जुळवतो. इथं समोर नुसती भिंत होती.

“काकू, प्रत कुठाय?”

“गप. ओळ पुरी होऊ दे.”

ओळ पुरी झाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “उत्तर लिहून राह्यली.”

“हे लिहिणं आहे?”

“मंग काय हाये? कागद घेऊन बसली होती सकायपासून. पेन धरला की काहीच सुचत नाई, बाप्पा. वीस वर्सं पेन धरला कोनं? सही कराले अन् पत्ता लिहाले. हे स्टिक हातात घेतली का आपोआप येते.”

मला हे इतकं विलक्षण वाटलं की मी तिथंच उभा राहिलो. माणूस विचार डोक्यानं करतो असं मी समजत होतो. या बाईचा विचार बोटांतून, एकेका खिळ्यानं, उलट्या अक्षरांत येत होता. मधेच त्या थांबायच्या, एक शब्द ओळीतून उचलायच्या, परत घरात टाकायच्या, दुसरा बसवायच्या. फुकटचा एक शब्द नाही. खिळा उचलायला कष्ट पडतात, म्हणून शब्द जपून. मला माझी पत्रकं आठवली.

उत्तर छापलं. एकच प्रत, जाड पांढऱ्या कागदावर. वर प्रश्न, खाली नाव, क्रमांक. आणि चारी बाजूंनी किनार. लग्नपत्रिकांना लावतात ती कैऱ्यांची किनार, डाव्या कोपऱ्यातली कैरी देठाशी मोडलेली.

“काकू, ही कशाला?”

“उघडंच पाठवू का?”

अशी तीन उत्तरं गेली. तिन्ही एकाच पाकिटातून परत आली. प्रत्येकावर लाल शाईनं लिहिलेलं: छापील मार्गदर्शकातून उत्तरे कापून पाठवलेली दिसतात. अमान्य. पुन्हा असे आढळल्यास परीक्षेस बसू दिले जाणार नाही.

ठरलेल्या संख्येइतकी उत्तरं मान्य झाल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरता येत नव्हता. म्हणजे वर्ष गेलं, आणि शिवाय चोरीचा शिक्का. काकूंनी तिन्ही कागद काकांच्या कापड मोजायच्या फळीवर ओळीनं मांडले आणि किनारीवरून बोट फिरवलं. “किनार बरी उठली होती,” एवढंच म्हणाल्या.

*

इथं मी जे केलं ते सांगणं भाग आहे. मी पत्रक लिहिलं. विद्यापीठाचा आंधळा कारभार, खेड्यातल्या शिकणाऱ्या स्त्रीची विटंबना वगैरे, काकूंचं नाव आणि क्रमांक घालून. जुळवायला काकूंकडेच घेऊन गेलो. त्यांनी वाचलं आणि कागद माझ्या हातात परत दिला. “हे मी जुळवनार नाई.” मला वाटलं, घाबरल्या. मी ते एका टायपिंग क्लासातून सायक्लोस्टाइल करून घेतलं आणि विद्यापीठातल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या नावानं एकेक पाठवून दिलं. उद्गारचिन्हांना यावेळी कोणी अडवणारं नव्हतं.

पंधरा दिवसांनी काकूंना पत्र आलं. आपण विद्यापीठाची बदनामी केली आहे, आपली नोंदणी रद्द का करू नये याचा खुलासा करावा.

मी गेलो तेव्हा त्यांनी स्टिक खाली ठेवली. वीस वर्षांत गिऱ्हाईक बोलत असताना त्यांनी स्टिक खाली ठेवलेली कोणी पाहिली नसेल.

“माह्या नावानं तू काहून बोंबलला?”

“अन्याय होता, काकू.”

“अन्याय माह्यावर होता ना? मंग बोंबलाचं का नाई ते मी ठरोलं असतं. तुले इचारलं होतं मी? त्या प्रोफेसरनं म्हटलं खिळे पाह्य. तू म्हटलं गप बस, मी बोलतो. फरक काय हाये?”

काका पुढच्या दुकानातून आत आले होते. ते म्हणाले, “जाऊ दे व, पोरगं हाये.”

“पोरगं नाई तो. पुढारी हाये.”

त्या शब्दानं मला जे लागलं ते कोणत्याही पोलिसाच्या काठीनं लागलं नाही. मी महिनाभर त्या गल्लीत गेलो नाही.

भाद्रपद अर्ध्यावर आला. जैनांचे दहा दिवसांचे उपवास-व्रताचे दिवस झाले की क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, असं एकमेकांना सांगायचं. बाहेरगावच्यांना कार्ड पाठवायचं. वाशीमच्या बहुतेक जैन घरांची ती कार्डं काकूंकडेच छापली जात. त्या वर्षी मलाही एक आलं. टपालानं, तिकीट लावून, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्याला. छापील मजकूर नेहमीचाच, भोवती तीच कैऱ्यांची किनार. खाली पेनानं, लहान मुलासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत: राजुल.

मी कार्ड हातात घेऊन गेलो. म्हटलं, “चूक माझी, क्षमा तुम्ही मागता?”

“मी तुले पुढारी म्हटलं,” त्या म्हणाल्या. “लय लागलं असंल.”

मग सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “त्या तपासनाऱ्या गुर्जीलेबी एक टाकलं.”

“कोणाला?”

“लाल शाईवाल्याले. पाकिटावर नाव होतं त्याचं. मनात लय बोलली होती मी त्याले. पाप लागते.”

मला हसू आलं. मनात म्हटलं, हे कार्ड तो कचऱ्यात टाकणार. जगाचा अनुभव म्हणतात तो माझ्याजवळ एवढाच होता.

उत्तर आलं ते साध्या पोस्टकार्डावर. मी ते दहा वेळा वाचलं आहे, त्यामुळे साधारण शब्द सांगू शकतो. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं: आपले क्षमापत्र मिळाले. कैऱ्यांची किनार पाहून आठवले, म्हणून आपल्या उत्तरांची नोंद काढून पाहिली. त्यावर मी स्वतःच लिहून ठेवले होते, की सजावटीतली डाव्या कोपऱ्यातली कैरी देठाशी मोडकी आहे. क्षमापत्रावरचीही मोडकी आहे. मार्गदर्शके छापणारे किनार लावत नाहीत. ही उत्तरे आपणच आपल्या छापखान्यात जुळवलीत असे दिसते. तेव्हा मला ही शक्यता सुचली नाही, याबद्दल मीच क्षमा मागतो. तिन्ही उत्तरे मान्य करण्यास कळवले आहे. खुलाशाचे मी पाहतो. मात्र परीक्षेच्या दालनात छापखाना नेता येणार नाही. तीन तास पेनच चालवावे लागेल. उरलेली उत्तरे हाताने लिहून पाठवावीत.

इतकी पत्रकं मी लिहिली; समोरच्या अधिकाऱ्यालाही नजर असू शकते, हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. चुका दुरुस्त होतात त्या मोर्च्यानंच, असं मी समजत होतो. अजूनही पुष्कळसं तेच समजतो. पण ही एक नोंद करून ठेवतो.

*

आता खरी अडचण सुरू झाली. काकूंना विषय येत होता. लिहिता येत नव्हतं.

त्या कागद घेऊन बसायच्या आणि पेनाकडे पाहत राहायच्या. बसून सुचत नाही म्हणून उभ्या राहिल्या. खिळ्यांच्या उतरत्या पेटीवर पुठ्ठा ठेवला, त्यावर कागद. तेव्हा कुठं पहिली ओळ आली. काका कापड मोजण्याच्या गजाला टेकून घड्याळ धरायचे. “एक घंटा झाला. किती झालं?” “अर्धं पान.” “या हिशेबानं तीन घंट्यात दीड पान. तेवढ्यात तं कोनी नापासबी करत नाई, निस्तं परत पाठोते.”

हळूहळू वेग आला. पण एक खोड जाईना. ओळीच्या शेवटी आल्या की त्या अडखळायच्या. ओळ कडेपर्यंत भरली नाही तर शब्द बदलायच्या, ‘आणि’चं ‘तसेच’ करायच्या, ‘फार’चं ‘अतिशय’, म्हणजे उजवी कडा सरळ येईल. छापखान्यात ओळीच्या मधे कोरे खिळे घालून कडा सरळ करतात. वहीत ते जमत नाही, म्हणून ही कसरत.

“काकू, परीक्षक कडा पाहत नाही हो!”

“तो नाई पाहत. मी पाहतो ना.”

“वेळ जातो तुमचा.”

“माहीत हाये. पन ओळ तोकडी राह्यली की पुढं पायच उचलत नाई.”

वर्षभर असं चाललं. दुपारी दोन तास छापखाना बंद, असा पुठ्ठा त्यांनी दारावर टांगला. मला वाटतं, तालुक्यात धंदा बंद ठेवून अभ्यासाला बसलेलं ते एकच दुकान असेल. गिऱ्हाइकं कुरकुरली. दोन-तीन लग्नपत्रिका अकोल्याला गेल्या. काका काही बोलले नाहीत. एकदा मात्र कोणी दारावर धक्के मारायला लागलं, तेव्हा त्यांनी पुढून ओरडून सांगितलं, “आत परीक्षा चालू हाये, भाऊ. आवाज करू नोका.”

*

परीक्षा अकोल्याला होती. दोन पेपरांना काका सोबत गेले. तिसरा इतिहासाचा; त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते, म्हणून मी गेलो.

कॉलेजची दगडी इमारत, बाहेर व्हरांडा. दालनात बहुतेक विशी-पंचविशीची पोरं, काही शाळामास्तर, आणि खिडकीजवळच्या बाकावर राजुलकाकू, पदर खोचलेला. मी व्हरांड्यात उभा राहिलो. शिपायानं दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा त्यानं नाद सोडला. पाचपैकी पाच प्रश्न सोडवायचे होते. पहिल्या तासात त्यांची पाच पानं झाली. मला धीर आला. दुसऱ्या तासात दोन; उजवी कडा आली की पेन थांबत होतं.

शेवटची घंटा झाली तेव्हा त्या तिसऱ्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत होत्या. पर्यवेक्षक बाकाशी आला आणि उत्तरपत्रिकेचं टोक धरलं.

“साहेब, ओळ तेवढी पुरी करू द्या.”

“वेळ संपली, बाई.”

“अर्धीच ओळ हाये.”

“सगळ्यांची अर्धीच राहते.”

त्यानं कागद ओढला. मी खिडकीच्या गजांना धरून तोंड उघडलं होतं. काकूंनी मान न वळवता डावा हात माझ्याकडे केला, तळवा उभा. मी तोंड मिटलं. त्या दिवशी मी गप्प बसलो, एवढं तरी माझ्या नावावर लिहा.

निकाल आताच सांगतो, म्हणजे कोणाला तिष्ठत ठेवायला नको. बाकीच्या पेपरांत त्या पास झाल्या; इतिहासात गेल्या. दोन प्रश्न कोरे राहिले आणि उरलेल्या तिघांच्या गुणांनी पास व्हायला थोडं कमीच पडलं. पुढच्या वर्षी तेवढाच पेपर त्या पुन्हा देणार होत्या. मी तेव्हा वाशीम सोडलं होतं, त्यामुळे पुढचं ऐकीव आहे आणि ऐकीव मी छापत नाही. मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं.

परतीच्या एस. टी.त आम्हाला मागची जागा मिळाली. पातूर मागे पडलं. मी खिडकीतून बाहेर पाहत मनातल्या मनात पर्यवेक्षकाच्या नावानं एक पत्रक लिहीत होतो. ऊन उतरायला लागलं तशी त्यांनी पिशवीतून दशम्या काढल्या, मला दोन दिल्या, आपण खाल्ल्या, पाणी प्यायल्या. हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, “सुधाकर, तुह्यापाशी पेन हाये?”

मी दिलं. त्यांनी प्रश्नपत्रिका काढली, उलटी केली आणि मांडीवरच्या पिशवीवर ठेवली. रस्ता खड्ड्यांचा. गाडी अशी उडत होती की मला माझं तिकीट वाचता येत नव्हतं. काकूंनी ती अर्धी राहिलेली ओळ पहिल्या शब्दापासून लिहिली आणि पुरी केली. पूर्णविराम दिला.

“झाली?” मी म्हटलं.

“झाली.”

मला वाटलं, आता पेन परत देतील. त्यांनी कागदावरचा हात जरा खाली सरकवला, ‘प्रश्न ४’ असं लिहिलं आणि सुरुवात केली. बसल्या जागी, गाडी हलत असताना, पेनानं. मधे थांबणं नाही, शब्द खोडणं नाही, ओळी तोकड्या राहिल्या तरी. मेडशी आली, गेली. एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन शेजारी बसली. काकूंनी न पाहताच पाय आवळून घेतले. मी वाकून वाचायचा प्रयत्न केला. कापूस, आगगाडी आणि दुष्काळ, कोणतं आधी आणि कोणामुळे काय झालं, हे त्या सांगत होत्या. हे कोणी तपासणार नव्हतं. एक गुणही मिळायचा नव्हता.

मला किन्हीराजाला सभा होती, म्हणून वाशीमच्या अलीकडे मालेगावला उतरायचं होतं. कंडक्टरनं घंटी ओढली.

“काकू, येतो मी.”

“हूं.”

“पुढं एकट्या जाल ना नीट?”

“हूं.”

मी खाली उतरलो आणि गाडीच्या बाजूनं मागच्या खिडकीपर्यंत चालत गेलो. पेन मागावं असं एकदा मनात आलं. खिडकीत त्यांचा खाली वाकलेला माथा दिसत होता. गाडी हलली तेव्हा त्या पाचव्या प्रश्नावर होत्या.